एका पेटीत दोन सतरा

मित्रांनो, पिन म्हटलं की तुम्हाला कागदाला टोचायची टाचणी आठवेल. मी तसली नव्हे. मी एका हिरव्या बोर्डावरची जुनी पिन आहे, नखाच्या कोरीएवढी. माझ्यासारख्या चाळीस जणी एका काळ्या चिपच्या कडेनं दाटीवाटीनं उभ्या आहोत. आमचा बोर्ड ज्या पेटीत आहे ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देते. माझी शेजारीण हीटर चालवते, मी पंखा. तिनं तापवायचं, मी निववायचं, असा आमचा संसार.

मला नाव मात्र कोणी दिलं नाही, नुसते आकडे दिले. चिप बनवणाऱ्यांनी त्यांच्या पुस्तकात शून्यापासून मोजलं, म्हणून तिथे मी सोळा. बोर्ड बनवणाऱ्यांनी एकापासून मोजलं आणि माझ्याजवळ पांढऱ्या शाईनं सतरा छापलं. शेजारीण पुस्तकात सतरा आणि बोर्डावर अठरा. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. घोळ व्हायला एवढं पुरतं.

मशीनचा सगळा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम बघते, पण पंखा कोणता नि हीटर कोणता हे तिला उपजत कळत नाही. त्यासाठी एकेक छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझा ड्रायव्हर मावशीनं लिहिला. मावशी म्हणजे दवाखान्यांची मशीनं दुरुस्त करणारी बाई. चष्मा कपाळावर आणि तोच शोधत घरभर फिरणार. तिनं बोर्डावर सतरा वाचलं आणि सतरा लिहून मोकळी झाली. तेव्हाची सिस्टीमही बोर्डाप्रमाणेच मोजायची, त्यामुळे कधी अडलं नाही.

सात वर्षं मी वारा घातला. "या पेटीची कधी कुरकुर नसते," असं वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या. मग चकचकीत नव्या पेट्या आल्या आणि आमची रवानगी जिन्याखाली झाली. चार वर्षं अंगावर एक फाटकी चादर होती. कुणी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात नवी पेटी बंद पडली, तेव्हा आमची आठवण झाली. मावशीच्या भाचीनं आमच्यात नवी सिस्टीम घातली. ही पुस्तकाप्रमाणे मोजणारी. हीटरचा ड्रायव्हर भाचीनं पुस्तक बघून नव्यानं लिहिला: सतरा. पंख्याचा मात्र मावशीचाच जुना उचलला. चालत्या कामाला कशाला हात लावायचा, असा तिचा विचार. त्यातही सतरा. आता दोन्ही हुकूम शेजारणीला जाणार होते आणि मला एकही नाही. मला हे कळत होतं. पण पिनेला तोंड कुठे असतं?

दुपारी तीनला सिस्टर मावशीच्या वर्कशॉपमध्ये आल्या.

"ताई, चारला पेटी हवीच. बाळ सव्वा किलोचं आहे. आत्ता आईच्या छातीशी ठेवलंय, पण आईलाच ताप चढलाय."

"चाचणी करते आणि देते," मावशी म्हणाली. तिनं बाळाच्या जागी पाण्याची पिशवी ठेवली आणि पंख्याच्या जाळीला एक लाल दोरा बांधला.

"आला तुझा दोरा," भाची हसली. "तुझा कॉम्प्युटरपेक्षा त्याच्यावरच जास्त विश्वास."

"तो बिचारा फुशारकी मारत नाही."

पेटी तापू लागली. छत्तीस अंशांवर हीटर थांबायचा आणि पंखा फिरायचा, असा नेम. छत्तीस झाले. हीटरच्या ड्रायव्हरनं सांगितलं, सतरा बंद. लगेच पंख्याच्या ड्रायव्हरनं सांगितलं, सतरा चालू. शेजारणीनं शेवटचा हुकूम पाळला आणि ती तापतच राहिली. मी गार उभी होते.

स्क्रीनला फक्त सुटलेले हुकूम कळतात, म्हणून तिच्यावर हिरव्या अक्षरांत आलं: हीटर बंद, पंखा चालू.

"झालं. न्या आता," भाची म्हणाली. सिस्टर पुढे झाल्या.

"थांबा," मावशी म्हणाली. दोरा सरळ लोंबत होता.

"अगं मावशी, चालू आहे पंखा. हे बघ ना स्क्रीनवर."

"स्क्रीनला वारा लागतो का?"

सदतीस. साडेसदतीस. अडतीस. मावशीनं आत हात घालून पिशवी चाचपली आणि दुसऱ्या हातानं प्लग उपटला. सिस्टरांनी ती गरम पिशवी बाहेर काढली. बराच वेळ ती त्यांच्या हातातच होती.

"माझा आकडा बरोबर आहे. पुस्तकातून घेतलाय," भाचीचा आवाज बारीक झाला होता.

"आणि मी बोर्डावरून." मावशीनं भिंग लावलं. माझ्याकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं, पुस्तक उघडलं. मग खुर्चीत बसली. "दोन सतरा आहेत गं आपल्या पेटीत. चूक माझी. नुसता आकडा लिहिला. कशाचा आणि कुणाच्या मोजणीचा, ते लिहिलंच नाही."

"सतराचं सोळा करते. मिनिटाचं काम आहे."

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. तीन पस्तीस.

"नको," मावशी म्हणाली. "उद्या तिसरंच कुणी ही पेटी उघडेल. त्याला सोळा दिसेल, बोर्डावर सतरा दिसेल, आणि तो भला माणूस ते दुरुस्त करून ठेवेल. सिस्टर, मला वीस मिनिटं द्या."

सिस्टरांनी वॉर्डात फोन लावला. "आईच्या अंगावरून काढू नका त्याला. टोपी घाला. येतेच."

मावशी सांगत गेली आणि भाची लिहीत गेली. एकच यादी: पंखा, हीटर, दिवा, भोंगा. प्रत्येकापुढे पुस्तकातला आकडा आणि बोर्डावरचा आकडा. दोन्ही ड्रायव्हरांमधले आकडे पुसले. यापुढे ज्याला जे हवं, ते त्यानं यादीतल्या नावानंच मागायचं.

पाण्याची नवी पिशवी आत गेली. चौतीस. पस्तीस. छत्तीस.

आणि मला हाक आली: पंखा.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या नावानं बोलावलं. मी गेले. दोरा आधी थरथरला, मग आडवा होऊन फडफडू लागला. आकडा छत्तीसवर थांबला. भाचीनं दोऱ्याजवळ हात धरला आणि वारा लागेपर्यंत तो काढला नाही.

मित्रांनो, आता मी वॉर्डात आहे. तुमच्यातलं कुणी मोठं होऊन माझ्यासारख्या मुक्या पिनांना हुकूम सोडेल. तेव्हा एवढं करा. आम्हाला एक नाव द्या, सगळीकडे तेच वापरा, आणि ते लिहून ठेवा, तुम्हाला पाठ असलं तरी. आम्ही सांगाल ते करतो. चुकून सांगाल तेही करतो.

लाल दोरा कुणी सोडलेला नाही. सिस्टर येतात, आधी त्याच्याकडे बघतात, मग स्क्रीनकडे. आज सकाळी बाळ एक किलो चारशे भरलं.