उपरण्यातला माइक

"गुरुजी, आता नुसते ओठ हलवून भागणार नाही. खरे मंत्र म्हणायचे," दिग्दर्शिका मृणालिनीबाई म्हणाल्या आणि साउंडवाल्यानं विष्णू गुरुजींच्या उपरण्याच्या आत बटणाएवढा माइक अडकवला.

गुरुजी हसले. काशीच्या राजा घाटावर शूटिंग आलं की भटजी म्हणून गेली कित्येक वर्षं बोलावणं त्यांनाच यायचं. पूर्वी कॅमेरा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. आवाज नंतर मुंबईत दुसराच कोणी भरायचा. त्यामुळे गुरुजी कधी तेविसाचा पाढा म्हणत, कधी भाजीची यादी. पडद्यावर त्यांच्या तोंडून वेद निघायचे. फुकटचं पुण्य, दुसरं काय.

"बाई, ह्यात नाम-गोत्र लागेल."

"मयताचं नाव बद्रीप्रसाद. गोत्र तुम्हीच ठरवा."

सीन दहाव्याचा होता. नट डोकं भादरून बसला होता, समोर भाताचा पिंड. कॅमेरा सुरू झाला की नाही हेही कळेना, इतकी शांतता. गुरुजींचा आवाज लागला, जीभ सवयीनं धावू लागली आणि नावाच्या जागी आली तशी म्हणून गेली, "काश्यपगोत्रस्य श्रीरामशर्मणः प्रेतस्य..."

नटानं पिंड ठेवला.

श्रीराम म्हणजे गुरुजींचे थोरले भाऊ. काश्यप हे त्यांच्या घरचंच गोत्र. आणि दादा जिवंत होते. लकव्यानं उजवं अंग गेलेलं, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. जीभ घसरली म्हणावं, तर सकाळीच दादांची चादर बदलताना गुरुजींनी मनात म्हटलं होतं, विश्वनाथा, सोडव आता. कोणाला सोडव, ते मात्र म्हटलं नव्हतं.

"बाई, पुन्हा घ्या. नाव चुकलं."

"कशाला? आवाजात काय कंप आलाय. आणि संस्कृतातलं नाव कोणाला कळतंय?"

"मग डबिंगमध्ये बदलून टाका."

"आम्ही डबिंग करत नाही, गुरुजी. बोललात तेच राहणार." मग बाईंनी हळूच विचारलं, "कोण होते श्रीराम?"

"माझे दादा."

"सॉरी," म्हणत त्यांनी हात जोडले. दादा आहेत, एवढं सांगायला गुरुजींचं तोंड उघडलं नाही.

घरी येऊन त्यांनी आंघोळ केली, मऊ भात कालवला आणि दादांच्या उशाशी बसले. त्यांना सगळे मंत्र दादांनीच शिकवलेले.

"शूटिंग झालं?" दादांची जीभ जड झाली होती, कान शाबूत होते.

"झालं. खरे मंत्र म्हणायला लावले."

"कसले?"

"दहाव्याचे."

"मग नाम कुणाचं घेतलंस?"

"असंच. कुणाचं तरी."

"गोत्र?"

खोटं बोलायचं तर हवी तेवढी गोत्रं जिभेवर होती. "काश्यप," गुरुजी म्हणाले.

दादांनी मान वळवून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "गोत्र माहीत नसलं की काश्यपच लावायचं," ते म्हणाले. "चुकलं नाही तुझं."

गुरुजींनी घास पुढे केला. दादांनी तोंड उघडलं नाही. डावा हात पांघरुणाबाहेर काढून त्यांनी वाटी ओढून घेतली.

"माझा मी जेवतो. तू पड जरा, दमलास."

निम्मा भात छातीवर सांडला. दादा एकेक शीत वेचून तोंडात घालत राहिले, आणि रिकामे हात मांडीवर ठेवून गुरुजी ते बघत बसले.