पाच नंबरचा फिल्टर

"तसला फोटो आमच्याकडे नाही म्हणजे नाही," असं शिलाईवालीच्या तोंडावर सांगून स्टुडिओचा मालक जेवायला निघून गेला.

डार्करूमच्या पडद्याआडून अंधारबाईने ऐकलं. धडधडीत खोटं! फोटो होता. बारा वर्षांपूर्वी तिनेच तो छापला होता. तीस वर्षं अंधारात काढली म्हणून सगळे तिला अंधारबाई म्हणत. छापायची ती, मागे शिक्का मालकाचा.

"थांबा हो," तिने पडदा सारला. "कोण हवंय त्या फोटोत?"

"माझी अक्का. रंगाच्या कारखान्यात नऊ वर्षं राबली. तिथेच छाती गेली आणि मग तीही गेली. आता कंपनी म्हणते, ही बाई आमच्याकडे कधी नव्हतीच. उद्या शेवटची सुनावणी आहे. अक्का सांगायची, नव्या मशीनचा फोटो काढला तेव्हा आम्ही बायका मागेच उभ्या होतो."

अंधारबाईने भिंतीवरचं कंपनीचं जुनं कॅलेंडर दाखवलं. त्यावर तोच फोटो होता. मशीन आरशासारखं चकाकत होतं. मागे काळंकुट्ट.

"इथे तर कुणीच नाही हो." शिलाईवालीने कॅलेंडरला नाक लावून पाहिलं.

"आत या. कशाला हात लावू नका. अगदीच भीती वाटली तर माझा खांदा धरा."

लाल दिव्यात अंधारबाईने खोक्यातून निगेटिव्ह हुडकून काढली, फोटो मोठा करून छापायच्या यंत्रात, एन्लार्जरमध्ये सरकवली आणि त्याचा वरचा दिवा लावला. खाली पांढऱ्या फळीवर उलट्या रंगांचं चित्र पडलं. मशीनच्या मागे, अगदी फिकट, काहीतरी होतं. होतंच.

तिला सगळं आठवलं. कंपनीचा साहेब म्हणाला होता, मशीन उठून दिसू दे, मागची गर्दी नको. तिने छापताना दिव्याखाली पाच नंबरचा जांभळा फिल्टर लावला. सगळ्यात कडक. काळं ते ठार काळं, पांढरं ते लख्ख पांढरं. मधल्या करड्याला त्यात जागाच नसते. साहेबाने वाहवा केली आणि ही बया आठवडाभर हवेत होती. हरामखोरांनी बायकांना नोंदवहीतून पुसलं असेल, पण फोटोतून पुसायला हात हिचा लागला होता.

तिने पिवळा फिल्टर घातला. सगळ्यात मऊ. दिवा बंद करून फळीवर नवा कागद ठेवला, दिवा पुन्हा लावून तोंडाने आकडे मोजले, अठरापर्यंत. मग चेहऱ्यांना जरा धार यावी म्हणून तीन आकडे जांभळा. कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हलकेच हलवत राहिली.

आधी मशीन आलं. साधं, करडं, तेलाचे ओघळ असलेलं. मग त्याच्यामागून, पाण्याखालून कुणी वर यावं तसं, एक कपाळ आलं. दुसरं. एक हात. एकीने डोळे मिटले होते, एक हसू दाबत होती. अकरा बायका. हजारो फोटो याच ट्रेमध्ये उमटताना पाहिलेल्या अंधारबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. बारा वर्षं या तिथेच उभ्या होत्या! खोक्यात, हातभर अंतरावर.

खांद्यावरची बोटं रुतली. "ती बघा! डावीकडून तिसरी. हनुवटी वर करून. अशीच उभी राहायची हो, भांडायला आल्यासारखी." एप्रनच्या खिशावर कंपनीचं चिन्ह होतं, खाली चौदा आकडा. "काय घातलंत तुम्ही यात?"

"काही नाही. मीच बुडवल्या होत्या, त्या वर काढल्या."

प्रिंट वाळत आली तेव्हा मालक परतला. बघून त्याचा चेहरा उतरला. "बाई, कुणाला विचारून छापलंत? कंपनीचं काम जाईल माझं!"

"तीस वर्षं विचारूनच छापलं."

"माझा शिक्का मिळणार नाही यावर. आणि उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

"नाहीतरी उद्या जमणार नव्हतं. सुनावणीला जायचंय. कुणी छापला म्हणून विचारतील ना."

मालक पुढे काय बोलला ते तिने ऐकलं नाही. तिने प्रिंट पालथी केली. जिथे शिक्का पडायचा तिथे पेन्सिल टेकवली आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. सवय नव्हती.