हिरव्या रंगातलं दार

मी गिरमिट बोलतोय. लाकडाला भोकं पाडणारं सुताराचं नव्हे, डोंगरावरची माती काढणारं. माणसाच्या खांद्याएवढी लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खाली पिळदार टोक. आणि आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावानं संशयी आहे. जन्मभर जमिनीत तोंड खुपसून काढल्यावर वरच्या जगावर विश्वास तरी कसा बसावा?

माझ्या दांडीवर दर दहा सेंटिमीटरला एक पांढरा पट्टा आहे. उतारावर मला पिळत पिळत खाली घालायचं, कातळ लागला की थांबायचं आणि जमिनीपाशी कितवा पट्टा आला ते वहीत लिहायचं. झाली मातीची खोली. हे काम मुंगळा करायचा. त्याचं खरं नाव मला ठाऊक नाही. कितीही उभा चढ असला तरी चिकटून राहतो म्हणून कार्यालयात सगळे त्याला मुंगळाच म्हणत. माझा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून संशय. दमला की हा पट्टे मोजायचाच नाही, लांबूनच डोळे बारीक करून आकडा ठोकून द्यायचा.

त्याहून जास्त संशय नकाशावाल्या मॅडमवर. त्यांच्या संगणकात अख्खा डोंगर होता: उतार, ओढे, घरं आणि आमचे साठ खड्डे. खड्ड्यांच्या मधली माती कुणीच पाहिलेली नव्हती. ती संगणक आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजानं भरायचा आणि रंग मात्र असा ठासून द्यायचा, जणू स्वतः खणून आलाय. उभ्या उतारावर माती मीटरभराहून जाड असली की लाल, म्हणजे पावसाळ्यात घसरण्याचा धोका. कमी असली की हिरवा. लाल भागातली घरं पावसाआधी रिकामी करून माणसांना पायथ्याच्या खोल्यांत हलवायचं ठरलं होतं.

एकोणिसाव्या खड्ड्यात माझं टोक दगडात अडकून मोडलं. मुंगळ्यानं इकडेतिकडे पाहिलं, मला पोत्यात गुंडाळलं आणि गुपचूप वेल्डरकडे नेलं. त्यानं नवं टोक जोडलं, जुन्यापेक्षा चांगलं वीतभर लांब. मला आपलं बरंच वाटलं. उंची वाढली म्हणून कोण तक्रार करतं? दुसऱ्या दिवशी तोच अर्धा राहिलेला खड्डा आम्ही पुरा केला आणि पुढे चालू लागलो. मॅडमना यातलं काही कळलं नाही.

नकाशा भिंतीवर लागला, आणि आठवड्याभरात एक मावशी कार्यालयात आली. तिचं घर आमच्या चाळिसाव्या खड्ड्याला लागून. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला.

"बाई, माझं घर हिरव्यात आलंय म्हणे."

"हो मावशी. काळजी करू नका."

"रंग असेल हिरवा. पण माझं दार लागत नाही. मागच्या महिन्यापर्यंत लागायचं. घर सरकतंय बघा. रात्री-अपरात्री काही झालं तर ह्यांना उचलून मी एकटी कुठं पळू?"

मॅडमनी नकाशाकडे पाहिलं, मग मावशीकडे. कोपऱ्यातून मी म्हटलं, आता हिला वाटाण्याच्या अक्षता. पण त्या उठल्या.

"भाऊ, गिरमिट घ्या," त्या मुंगळ्याला म्हणाल्या.

छपराला टेकू द्यायला मावशीनं अंगणात पहारीनं खड्डा खणला होता, थेट कातळापर्यंत. मॅडमनी त्यात टेप सोडली. एकशे दहा. मग त्याच खड्ड्यात मला उभं केलं. जमिनीपाशी नववा पट्टा, म्हणजे नव्वद.

"एकाच खड्ड्याच्या दोन खोल्या कशा?"

मला वाटलं, टेपच खोटी. पण मॅडमनी मला अंगणात आडवं निजवलं आणि टोकापासून पहिल्या पट्ट्यापर्यंत मोजलं. दहा हवे होते, तीस भरले. मी साऱ्या जगावर संशय घेत हिंडत होतो आणि खोटं बोलत होतो मीच. फार लाज वाटली मला त्या दिवशी.

मुंगळ्याची मान खाली. "टोक बदललं होतं मॅडम. सांगायचं राहून गेलं."

"कितव्या खड्ड्यापासून?"

त्यानं हातातली वही उलटत पहिल्या पानापर्यंत मागे नेली. मग म्हणाला, "अठ्ठाविसाव्या."

एकोणिसाव्या, भाऊ, एकोणिसाव्या. पण मला तोंड आहे ते फक्त मातीत घालायला. अठ्ठाविसाव्या खड्ड्यापासून नवी वही सुरू झाली होती. जुनी वही सहीशिक्क्यानिशी वरच्या साहेबांकडे जमा होती. मुंगळा खरंच विसरला, की ती वही पुन्हा उघडायला नको म्हणून विसरला, हे मला आजही ठरवता येत नाही.

मॅडमनी अठ्ठाविसाव्यापासून पुढच्या प्रत्येक आकड्यात वीस मिळवले. मावशीचं घर लाल झालं. चौघांनी तिच्या नवऱ्याला खाटेसकट खाली आणलं. नव्या खोलीत गेल्या गेल्या तिनं आधी दार लावून पाहिलं म्हणे, एकदा नाही, तीनदा.

मी आता कपाटामागे उभा आहे. गळ्यात चिठ्ठी: 'वापरू नये'. समोरच्या भिंतीवर दुरुस्त केलेला नकाशा आहे आणि त्यात एकोणीस ते सत्तावीस हे नऊ खड्डे आहेत तसेच आहेत. त्यांच्या भोवतीची घरं मी इथून रोज मोजतो. चौदा आहेत. सगळी हिरव्यात.

तुमचं घर त्यातलं असेल, तर एवढं ऐका. नकाशाला विचारू नका. मुंगळ्याला विचारू नका, आणि मला तर नकोच. उठा आणि आधी दार लावून बघा.