आऊटबॅकची रंगीत तालीम

मला ऑस्ट्रेलियाला जायचंय. सिडनीत ते ऑपेरा हाऊस बघायला नाही, ते गेलं खड्ड्यात. मला कॅरॅव्हॅन, म्हणजे ते चाकांवरचं घर, घेऊन मधल्या त्या लाल, ओसाड आऊटबॅकमध्ये जायचंय, जिथे दिवसभर गाडी चालवली तरी माणूस दिसत नाही आणि कुणी विचारत नाही, "मधुमतीकाकू, चहा टाकताय का?"

लंडनमधल्या आमच्या पिनरच्या घरी पुण्याहून नवीन आलेला प्रत्येक सॉफ्टवेअरवाला फ्लॅट मिळेपर्यंत जेवून गेलाय. घेऊन येतो आमचा रवी. माझा नवरा. त्याला माणसांशिवाय करमतच नाही. ट्यूब ट्रेनमध्ये कुणी फोनवर मराठीत बोलताना दिसला की हा त्याच्या शेजारी जाऊन बसतो, आणि शनिवारी तो माणूस माझ्या डायनिंग टेबलाशी भाजी वाढून घेत असतो. मी रवीला अरे-तुरे करते, दचकू नका. कॉलेजात एका वर्गात होतो, तेव्हाही तो तास बुडवून गप्पाच मारायचा.

ऑस्ट्रेलियाचं काढलं तेव्हा म्हणाला, "तीन महिने? तिथे बोलायला कोण असणार?"

"मी काय भूत आहे का?"

ओशाळला, पण अट घातलीच. एक अख्खा दिवस इथेच इंग्लंडात कॅरॅव्हॅनमध्ये काढायचा. शेजार नाही, फोन बंद, घरी कुणी येणार नाही. त्याला जमलं, तर त्याच संध्याकाळी बुकिंग. नाही जमलं, तर मी ऑस्ट्रेलियाचं नाव काढायचं नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात नॉरफोकमधल्या एका शेतकऱ्याच्या फील्डवर आमची आऊटबॅकची रंगीत तालीम सुरू झाली. लाल मातीच्या जागी चिखल, कांगारूंच्या जागी गाई. त्या कुंपणापलीकडून आमच्याकडे टक लावून बघत होत्या.

सकाळी चहा झाला. रवी म्हणाला, "आता?"

"आता काही नाही. बसायचं."

"कशासाठी?"

"बसण्यासाठी!"

बसला बिचारा. पाय हलवत, घसा खाकरत. मी आत जाऊन जरा आडवी झाले, तर हा कुंपणापाशी जाऊन एका गाईची चौकशी करून आला. दुपारी खिचडी खाल्ली. त्याने भांडी घासली, पुसली, परत घासली. पण कुणाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, जमतंय की गड्याला.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. केंब्रिजचे यतीन आणि चैत्राली, आमच्याकडे जेवून गेलेल्यांपैकीच एक जोडपं. चैत्रालीच्या हातात हा एवढा मोठा डबा.

माझं डोकं सणकलं. "रवी! बोलावलंस?"

"बोलावलं नाही गं. गेल्या आठवड्यात यतीन म्हणाला, नॉरफोक आम्हाला जवळच. मी म्हटलं, मग या की. एवढं तर म्हणावंच लागतं!"

"आणि पत्ता?"

"पत्ता न देता या म्हणणं बरं दिसतं का?"

संपलं. ऑस्ट्रेलियाचे बारा वाजले. इतक्या वर्षांत आमच्या दारातून कुणी चहाशिवाय परत गेलेलं नाही, तो नियम हा माझ्यासाठी थोडाच मोडणार होता? मी चडफडत केटलकडे वळले. रवी बाहेर गेला आणि त्याचा आवाज ऐकू आला.

"यतीन, आज नको रे. आज मला फक्त मधुमतीबरोबर बसायचंय."

आपल्या लोकांत साठी उलटलेल्या नवऱ्याने असं म्हटलं की त्याचा एकच अर्थ निघतो. चैत्राली धावत आत आली, मला घट्ट मिठी मारली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काकू, कधी कळलं? कुठल्या हॉस्पिटलला दाखवताय?"

"अगं बाई, मला काही झालेलं नाही!"

"हो काकू. असंच पॉझिटिव्ह राहायचं."

बटाटेवड्यांचा डबा ठेवला, आणि दोघं रडवेल्या तोंडाने चिखलात गाडी वळवून निघून गेली. चहा न पिता.

मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. "रवी, आज संध्याकाळपर्यंत एजवेअरपासून पिनरपर्यंत मी लास्ट स्टेजला! आता बघते कोण कोण रडतं ते."

रवी हसला नाही. हातात वडा धरून पायरीवर बसला होता, खात नव्हता.

"काय रे? पास झालास की. बुकिंग करू ना?"

"कर," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला शांततेचा कंटाळा येत नाही, मधू. भीती वाटते. सकाळी तू आत पडली होतीस, काही आवाज नव्हता. मला वाटलं, तू गेल्यावर हे असंच असणार. कुणीतरी एक आधी जाणारच ना. घर भरलेलं असलं की ते डोक्यात येत नाही."

मला असा राग आला! इतकी वर्षं मेल्याने वाटेल त्याला घरी आणलं, मी पोळ्या लाटल्या, मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि हा हे आज सांगतोय, चिखलात, गाईंच्या समोर.

"आधी सांगायला काय झालं होतं?" मी अशी ओरडले की गाई मागे सरकल्या.

"घरात नेहमी कुणीतरी असायचं," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. पायरी एकाच माणसापुरती, त्यामुळे अर्धी मी हवेत. म्हटलं, "जायचंच ऑस्ट्रेलियाला. पण गप्प बसायला नाही. तू बोलायचंस. माझ्याशी. यतीनशी करतोस तसली बडबड नाही. हे असलं."

त्याने हातातला वडा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. मग त्याने विचारलं, "तुला वाटते का गं भीती? तीच?"

 

"रात्री मी तुला ढोसते ना," मी म्हटलं, "तुला वाटतं, घोरतोस म्हणून ढोसते. नाही रे. घोरायचा थांबलास की ढोसते."