मला टांगून जाळा

मित्रांनो, मी एक जुनी चंदेरी चादर आहे. पांघरायची नव्हे, तापलेल्या पत्र्याखाली लावायची. दोन्ही बाजूंना आरशासारखा वर्ख आणि मधे हवेचे फुगे असलेलं प्लॅस्टिक. म्हणजे वरून चांदी, पोटात प्लॅस्टिक! स्वभावाने मी भित्री आहे आणि मला भीती एकाच गोष्टीची वाटते, ती म्हणजे आग.

ही भीती मला वाघोलीच्या एका प्रयोगशाळेत जडली. कारखान्यातून निघाल्यावर माझी गुंडाळी तिथे भिंतीशी उभी होती. माझ्याच अंगाचा एक तुकडा कापून सिमेंटच्या पाटीवर सपाट चिकटवला आणि भट्टीत ज्योतीसमोर धरला. वर्ख काळवंडला, पण आग काही पुढे सरकेना. कारखान्याचे इंद्रजीतसाहेब खूश झाले.

तपासणी करणाऱ्या नम्रताताई मात्र म्हणाल्या, "छताखाली ही अशी पाटीला चिकटून बसणार आहे का? तिथे मधे हवा सोडून ताणून लावतात. मग तशीच टांगून जाळायला हवी. खरी चाचणी ती."

"अहो मॅडम, पास झाली ना? मग झालं तर!"

"चिकटवलेली पास झाली. टांगलेलीचं मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही."

साहेब नुसते हसले आणि मला गाडीत घालून निघाले. टांगल्यावर मी कशी जळेन हे कुणीच पाहिलं नाही. मलाही ते ठाऊक नव्हतं. मित्रांनो, आपलीच आपल्याला भीती वाटावी, यापरतं दुःख नाही.

पुढे मी कर्वेनगरला रंगनाथकाकांच्या गच्चीवर आले. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची अभ्यासिका होती. यवतमाळ, वाशीमकडची मुलं स्पर्धा परीक्षांसाठी दिवसभर तिथे वाचत बसत. तारेच्या जाळीवर मला पसरलं. पत्रा आणि मी यांच्यात वीतभर पोकळी राहिली. त्या उन्हाळ्यात माझं केवढं कौतुक झालं! काका मुलांना म्हणाले, "आता नापास झालात तर उन्हाला बोल लावू नका."

कौतुक दोन उन्हाळे टिकलं. मग माझ्यावर जळमटं चढली. पुस्तकांच्या कपाटावरचा माझा एक कोपरा जाळीतून सुटून लोंबू लागला, पण वर कोण बघतो? मी मात्र खालची डोकी बघत असे. दारापाशी कुणी काडी ओढली तरी मी जाळीला घट्ट बिलगायचे.

दसऱ्याला मुलांनी पाटीवर सरस्वती काढली आणि टेबलावर मांडली. तोच काका आले. "विद्येची देवता पुस्तकांच्या खाली? वा! चांगला निकाल लावाल." झालं! सरस्वती कपाटाच्या माथ्यावर गेली, तिच्यापुढे निरांजन गेलं. दिवा विझू नये म्हणून पंखे बंद केले, दारही लोटून घेतलं. ज्योत सरळ झाली, माझ्या लोंबत्या कोपऱ्याच्या अगदी खाली.

मी ओरडत होते. चादरीचं ओरडणं कुणाला ऐकू येणार? सगळे हात जोडून, डोळे मिटून आरती म्हणत होते. माझे फुगे एकेक करून फुटले. कोपरा आक्रसला, पेटला आणि माझ्याच अंगाचा जळता थेंब कपाटाशी उभ्या शेफालीच्या काखेतल्या वहीवर पडला.

"अरे बाप्पा!" म्हणत तिने वर पाहिलं. वाशीमची ही पोरगी मोठी धीराची. तिने निरांजन खाली घेऊन विझवलं, दार उघडून सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि पाण्याची बादली माझ्यावर भिरकावली. दैव बलवत्तर म्हणून आग कोपऱ्यावरच थांबली.

काकांनी तिथूनच इंद्रजीतसाहेबांना फोन लावला.

"अहो काका, पास झालेला माल आहे आपला!"

शेफालीने फोन हातात घेतला. "पास झाली ती कशी लावून? इथे लटकते तशी?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा, म्हणून मी इतकी वर्षं वाट पाहत होते. अश्रू असते तर मला रडूच कोसळलं असतं.

काकांनी त्याच दिवशी मला उतरवलं. साहेबांकडून प्रयोगशाळेचं नाव आणि नम्रताताईंचं तेव्हाचं म्हणणं, दोन्ही काढून घेतलं आणि शेफालीला बरोबर घेऊन स्वतः मला वाघोलीला आणलं. नम्रताताईंना म्हणाले, "तुम्ही तेव्हा म्हणालात ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आता हिला टांगून जाळा. मुलांना पुन्हा अशा चादरीखाली बसवायचं तर आधी मला बघू दे."

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरही माझ्यासारखी कुणीतरी चमकत असेल. नुसतं 'पास आहे' ऐकून गप्प बसू नका. कशी लावून तपासली, ते विचारा. आणि अधूनमधून वर बघत जा.

आत्ता मी टांगलेली आहे. नम्रताताई ज्योत पेटवत आहेत. मला फार भीती वाटते. पण मघाशी मी सवयीने खाली बघितलं. खाली कुणीच बसलेलं नाही.