थंड पाण्याचा नळ

पिपरी मेघेतल्या नव्या घरात पाणी कशावर तापवायचे हे ठरवायला आम्ही जानेवारीतल्या एका सकाळी बसलो, तेव्हा प्रत्येकाच्या अंगात स्वेटर होता आणि प्रत्येकाच्या मनात एकच शत्रू होता: थंडी. माणसे ज्या ऋतूत व्यवस्था उभारतात, त्याच ऋतूपुरता विचार करतात, हे मी इतिहासाच्या वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. त्या सकाळी मात्र ते मला आठवले नाही.

प्रश्न चैनीचा नव्हता. माझ्या वडिलांच्या, किसनरावांच्या, पायांत साखरेच्या आजाराने स्पर्श शिल्लक ठेवलेला नाही. मागे एकदा शेतात जाताना बुटात खडा शिरला. तो दिवसभर तिथेच राहिला आणि शेवटी उजव्या पायाची करंगळी घेऊन गेला. पुढची जखम, मग ती खिळ्याची असो की भाजल्याची, बोटावर थांबणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तेव्हा नव्या घरातले गरम पाणी म्हणजे बाबांचा उजवा पाय होता. त्या पायाचा निर्णय घेण्यासाठी जे मंडळ बसले होते, त्यात तो पाय रोज धुणारी एकमेव व्यक्ती नव्हती. आई आत चहा गाळत होती.

जुन्या घरी तांब्याचा बंब होता. त्यातले कढत पाणी बादलीत काढायचे, त्यात थंड पाण्याचे विसण घालायचे, कोपर बुडवून पाहायचे आणि मगच बादली न्हाणीत सरकवायची, हे काम आई लग्न होऊन आल्यापासून करत होती. या कामाला आमच्या भाषेत पद नाही, म्हणून ते कोणाला दिसत नाही.

"गच्चीवर सोलर बसवू," माझा धाकटा भाऊ धनंजय म्हणाला. "उनाचं काय कमी हाये आपल्या इथं?"

"सोलर आग्नेयेले," पुंडलिकमामा म्हणाले. हे आईचे थोरले भाऊ. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वास्तुशास्त्र जवळ केले होते, आणि नोकरीत न मिळालेला अधिकार आता ते दिशांवर गाजवत होते. "अन् पाण्याची टाकी नैऋत्येले. जड ते नैऋत्येले. यात तडजोड नाई."

मी वर्ध्याच्या मोतीलाल शेठना मुद्दाम बोलावले होते. त्यांचे नळ-पाइपांचे दुकान आहे. त्यांनी पिशवीतून पितळेचा एक जाड तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"ताईजी, हा व्हॉल्व्ह बाथरूममदी लावून घ्या. गरम अन् थंड आतच मिसळते. वरून कितीही खौलतं पाणी येऊ द्या, हा बाहेर कोमटच सोडते."

"अग्नी अन् जल एकाच नळात?" मामांनी तो तुकडा बोटाने दूर सरकवला. "हे शास्त्रात बसत नाई."

"मग तुम्ही चहा कसा करता, मामा?" मी विचारले.

"पुंडलिकच्या घरचा चहा पेली नाई वाटते तू," बाबा म्हणाले. "तिथं अग्नी अन् जलाची भेटच होऊ देत नाईत."

मामा सोडून सगळे हसले. मग बाबा गंभीर झाले. "पण माह्या आंगोळीचं पाणी आता नळ ठरवन काय?"

"आजवर आई ठरवत होती," मी म्हटले. "तेव्हा तुम्ही हरकत घेतल्याचे आठवत नाही."

आईने चहाचा ट्रे आणून ठेवला. व्हॉल्व्ह हातात घेऊन उलटापालटा केला. "याच्यात थंड पाणी कुठून येईन?" तिने विचारले.

"टाकीतून, आई," धनंजय म्हणाला. "थंड ते थंडच असते."

आईने व्हॉल्व्ह टेबलावर परत ठेवला. कपांची संख्या बरोबर आहे का ते पाहून आत गेली. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले आहे असे आम्ही सर्वांनी धरून चाललो, मीसुद्धा. मला मामांना हरवायचे होते, आणि त्या आनंदात बाकीचे ऐकू येत नव्हते.

सोलर आग्नेयेला बसला, बाथरूममध्ये व्हॉल्व्हही बसला. टाकी मात्र नैऋत्येला चढली: काळी, उघडी, पश्चिमेच्या सगळ्या उन्हाला छाती काढून. तिथून खाली येणारा पाइप भिंतीत घ्यायचा तर मामांच्या मते कोपरा फोडावा लागला असता आणि कोपरा फुटणे अशुभ. तो पश्चिमेच्या भिंतीवरून, बाहेरून उतरला. फाटकाजवळ त्यालाच मामांनी आणखी एक नळ लावायला लावला. घरात शिरणाऱ्याने आधी पाय धुवावेत, ही त्यांची आज्ञा.

मार्च उजाडल्यापासून मला स्वस्थता नव्हती. कॉलेज सुटले की मी पिपरीला जायची, बाथरूममध्ये गरम नळ पूर्ण सोडायची, हात धरून उभी राहायची. पाणी कोमटच यायचे. मी घरी परतायची आणि वाटेत पुन्हा शंका यायची. काहीतरी राहिले आहे असे वाटायचे. काय, ते सापडायचे नाही. त्या काळात मी व्हॉल्व्हबद्दल छापलेले सगळे वाचून काढले. व्हॉल्व्ह निर्दोष होता.

गृहप्रवेशाचा मुहूर्त मे महिन्यातला निघाला, आणि तोही भर मध्यान्हीचा. अभिजित मुहूर्ताला कसलाच दोष लागत नाही, असे मामा म्हणाले. वर्ध्याचे ऊन त्यांच्या पोथीत नसावे.

पाहुणे मांडवाच्या सावलीत कोंबले होते. आई फाटकाशी कलश घेऊन उभी होती.

"भाऊजी, पहिले पाय धुवा," मामा म्हणाले. "मंग उजवं पाऊल आत."

बाबांनी चपला काढल्या, नळ सोडला आणि दोन्ही पाय धारेखाली ठेवून मोतीलाल शेठशी बोलू लागले. कपाशीला यंदा सुरुवातीलाच खत द्यावे की थांबावे, असा विषय होता. त्यांना पायांची घाई नव्हती. पाय काहीच सांगत नव्हते. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते आणि व्हॉल्व्ह आत बाथरूममध्ये आहे, गरम नळ आत आहे, तेव्हा इथे काळजीचे कारण नाही, असा सुसंगत विचार करत होते.

आई वाकली. कलश डाव्या हातात धरून तिने उजव्या हाताचे कोपर धारेखाली नेले, आणि चटका बसल्यासारखे झटक्यात मागे घेतले.

तिने नळ बंद केला नाही. आधी बाबांच्या छातीला हात लावून त्यांना मागे ढकलले आणि कलशातले पाणी त्यांच्या पावलांवर ओतले. आंब्याची पाने आणि नारळ चिखलात पडले.

"नलू, कलश!" मामा म्हणाले.

"असू दे. धनू, माठ आण. पाहुण्यांचा आण, तोच थंड हाये."

"अवं, काय करून राह्यली तू?" बाबा म्हणाले. "काय झालं?"

"तुम्हाले काऊन समजन?" आई म्हणाली आणि माठातल्या पाण्याची संततधार त्यांच्या पायांवर धरून तशीच बसून राहिली. जरीचे पातळ भिजत होते. उजवे पाऊल लालबुंद झाले होते आणि टाचेवर फोड उचलू लागला होता. मी नळाखाली बोट धरले. थंड पाण्याचा तो नळ हात धरू देत नव्हता.

नंतरचे दिवस त्या फोडाभोवती फिरले. फुटला तर पाय जाण्याची सुरुवात, असे डॉक्टर म्हणाले होते. बाबा दिवाणावर, पाय उशीवर. आई रोज पट्टी उघडून पाहायची. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहायची, पायाकडे पाहणे मला जमत नव्हते. फोड फुटला नाही. हळूहळू बसला, खाली नवी कातडी आली, आणि डॉक्टरांनी पाय राहिला असे सांगितले.

त्या संध्याकाळी मंडळ पुन्हा जमले. धनंजय पाणी थंड करणाऱ्या कुठल्याशा यंत्राची माहिती सांगू लागला. आई चहा न करता खुर्चीवर बसली होती, त्यामुळे तो दोन वाक्यांत थांबला.

"टाकीवर पत्र्याची सावली करा, भोवती ओलं पोतं बांधा," ती म्हणाली. "पाइप भिंतीत घ्या. फाटकाचा नळ काढून टाका, तिथं रांजण ठेवा."

"कोपरा फोडू नोको, नलू," मामा म्हणाले. "अन् टाकी नैऋत्येवरून हालत नाई."

"हालवून कोण राह्यलं? राहू द्या तिथंच. फक्त दादा, उद्या दुपारी तुम्ही तिच्यावर हात ठेवून बसा. तुमचाच मुहूर्त हाये. बसले, तं कोपरा नाई फोडत."

मामा बसायला आले नाहीत. कोपरा फुटला.

बाबा आता त्या व्हॉल्व्हच्या पाण्याने आंघोळ करतात. त्याआधी आई धारेखाली कोपर धरते.

"नळावर भरोसा नाई काय?" बाबांनी विचारले.

"नळ सांगते तेवढं करते," ती म्हणाली. "त्याले सांगनारे कोन हायेत, ते मी पाह्यलं."

दुपारी सुट्टी असली की मी पिपरीला जाते. गच्चीवर चढून पोत्याखाली हात घालते. टाकी गार असते. तरी मी खाली येऊन एकेक नळ सोडून पाहते, आणि आई स्वयंपाकघरातून ते ऐकत असते.