चार सामने

शैलाने भिंग झेरॉक्सवर टेकवलं आणि त्या पुसट ओळी पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचल्या.

"थांबलीस का? वाच ना," एडिथ म्हणाल्या.

नवऱ्याच्या व्हिसावर शैलाला नोकरी करता येत नव्हती, म्हणून दर गुरुवारी ती अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या वृद्धाश्रमात वाचून दाखवायला यायची. एडिथ नव्वदीच्या, दृष्टी गेलेली. महायुद्धानंतर एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून त्या मेलबर्नहून इकडे आल्या. त्यांचे वडील टॉम रीड तिकडच्या फुटबॉलचे नावाजलेले खेळाडू. एडिथ जन्मली, आईनं अंथरूण धरलं, आणि बाळासाठी टॉमनं ऐन भरातला खेळ सोडला. लहानपणापासून एडिथनं वडिलांच्याच तोंडून हे ऐकलं होतं. ती कारकीर्द एकदा कानांनी तरी अनुभवावी म्हणून शैलाकरवी मेलबर्नच्या ग्रंथालयातून जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं मागवली होती.

"चार सामने," शैला हळूच म्हणाली.

"पहिल्या वर्षी?"

"एकूण चार. एकोणीसशे दहा साली." तिनं भिंग खाली सरकवलं. "पुढे लिहिलंय, 'रीड संथ आहे, अंगावर आलेल्या खेळाडूला बिचकतो. त्याला वगळण्यात आलं.' त्यानंतर त्यांचं नाव कुठल्याच संघात सापडत नाही, असं ग्रंथालयानं कळवलंय."

एडिथ शालीची कड बोटांभोवती गुंडाळत राहिल्या.

"माझा जन्म चौदाचा."

"हो."

"ते आजारी होते तेव्हा मी जहाजानं भेटायला गेले होते. म्हटलं, माझ्यामुळे तुमचं सगळं राहून गेलं, मला माफ करा."

"मग?"

"त्यांनी केलं माफ."

शैलानं कागद गोळा केले. "ड्रॉवरमध्ये ठेवू?"

"नको. घेऊन जा."

तिथून ती मुलीला आणायला शाळेत गेली. चौदा वर्षांची इला गाडीत बसली, तिनं दप्तर मागच्या सीटवर टाकलं.

"आई, मी समर कॅम्प कॅन्सल केला. सहा वीक्स तू घरी एकटी काय करशील? माझ्यासाठी तू पुण्याचा जॉब सोडलास, सो इट्स ओके."

शैलानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोरून मुलं बसकडे धावत होती. ती सगळी चढली, बस निघाली.

"इला, पुण्याच्या कॉलेजनं मला कायम केलंच नव्हतं. मला काढलं त्यांनी. तुझ्या जन्माच्या वर्षभर आधी."

इला तिच्याकडे बघत राहिली. "देन व्हाय डिड यू ऑल्वेज से दॅट?"

शैलानं किल्ली फिरवली. इलानं तोंड खिडकीकडे वळवलं. घर येईपर्यंत तिनं पुन्हा विचारलं नाही.